मार्चमधलं पांघरूण

गिरमिट फिरवताना तळहाताला फोड येतो,
दर वर्षी त्याच जागी, अंगठ्याच्या मुळाशी.
वनखात्यानं दिलेले हातमोजे मी बोटीतच विसरतो.
खोडातून पेन्सिलीएवढी काडी बाहेर येते
आणि तिच्याबरोबर कच्च्या बटाट्याचा वास.
पिवळा सीडर असाच वास देतो.

काडी नळीत. नळीवर नंबर, तारीख, उतार.
रात्री दिव्याखाली मोजायला बसतो.
सालीकडून आत जायचं, म्हणजे आजपासून मागे.
पहिली तीसेक वलयं मोजताना डोळे पाणावतात,
इतकी ती एकमेकांच्या अंगावर चढलेली.
मग हळूहळू जागा होत जाते.
आजीच्या आजीच्या वेळी हे झाड ऐसपैस जगत होतं.
त्याच्याही मागे, जिथल्या आमच्या कुणाचंच नाव मला येत नाही,
तिथे वलयं पुन्हा बारीक, पण सारखी,
कुणी घाई न करता घातलेल्या टाक्यांसारखी.

ऑफिसात नवी आलेली मुलगी विचारते,
जग तापतंय ना, मग ही झाडं कशानं मरतात?
थंडीनं, मी सांगतो.
ती हसते. तिला वाटतं, मी फिरकी घेतोय.

या झाडाची मुळं खोल जात नाहीत.
खाली नुसता चिखल, श्वास नाही,
म्हणून वीतभर मातीत आडवी पसरतात
आणि वरच्या बर्फाच्या भरवशावर राहतात.
कमरेइतका असायचा, एप्रिल सरेपर्यंत.
त्याच्याखाली उंदीर बाळंत व्हायचे, इतकी ऊब.
आता फेब्रुवारीतच पाऊस.
बर्फ ओढ्यानं समुद्रात जातो,
झाडाला वाटतं, झाली वेळ; मुळं पाणी ओढू लागतात,
आणि एखाद्या स्वच्छ रात्री, चांदण्या मोजता येतील अशा,
उत्तरेचा वारा उतरतो.
एक रात्र पुरते.

लुएला मावशी साल काढते, टोप्या विणते.
झाडाला हात लावून आमच्या क्लिंगिट भाषेत काही बोलते,
त्यातलं मला निम्मं कळतं.
दोन तळव्यांच्या रुंदीपेक्षा जास्त घ्यायची नाही.
खाली चीर द्यायची, पट्टी धरून मागे मागे चालायचं,
ती वर निमुळती होत जाते आणि शेंड्याकडे फाटून
सळसळत अंगावर येते.
यंदा कोपराच्या उंचीलाच तुटली.
दुसऱ्या झाडाचीही. तिसऱ्याची आतून तपकिरी.
टोपी नाही होणार, ती म्हणाली, परडी होईल, बघू.
तुकडे मात्र सगळे पोत्यात भरले. एकही मागे ठेवला नाही.

मेलेलं झाड पडत नाही.
शंभर वर्षं उभं राहतं, चांदीच्या रंगाचं.
जहाजावरचे पाहुणे फोटो काढतात.

गेल्या मार्चमध्ये रेडिओ म्हणाला, आज आकाश निरभ्र.
संध्याकाळी मावशीकडे गेलो तर घर उघडं, ती मागच्या उतारावर.
एका झाडाच्या बुंध्याभोवती तिनं पसरली होती
दोन गोधड्या, फाटकं शीड, शेवाळ भरलेलं मासेमारीचं जाळं,
मृत काकाचा कोट
आणि माझी लहानपणची, अस्वलांच्या चित्रांची झोपायची पिशवी.
कडांवर दगड ठेवत होती. मला म्हणाली, तिकडचं टोक ओढ.
मी ओढलं.

त्या उतारावर चारशेहून जास्त झाडं आहेत.
ती मी स्वतः मोजलीत, तक्त्यात आहेत.
हे एक तक्त्यात नाही. पांघरूण घातलेलं झाड
नमुन्यात धरता येत नाही, असा नियम आहे,
म्हणजे मी शोधला तेव्हा सापडला.

आता ऑगस्ट. शेंडा हिरवा दिसतो, खालच्या दोन फांद्या नाहीत.
गिरमिट पाठीवरच्या पिशवीत असतं.
मी तिथून जातो, क्षणभर थांबतो,
आणि यंदाचं वलय किती जाड आहे
ते अजून पाहिलेलं नाही.